गंजाची वही
(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मुख्याध्यापक बाईंनी मला ‘जीवनातील यशाचे टप्पे’ या विषयावर बोलण्यास सुचवले होते. मी त्यांना कळवले की, सध्या माझ्यापुढे एक गंजलेली मोटार उभी आहे आणि गेले पाच महिने मी तिच्याखेरीज फारसा कशाचा विचार केलेला नाही. तेव्हा बोलायचेच झाले तर तिच्याविषयी बोलेन. बाईंनी मोठ्या मनाने संमती दिली. मोटार पूर्ण झालेली नाही. खरे तर काम आता कोठे सुरू होत आहे. म्हणून आपण ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ अशा दोन छायाचित्रांची अपेक्षा ठेवू नये. माझ्याजवळ फक्त ‘पूर्वी’ आहे.

ही मोटार माझ्या बाकमित्राची. पाचवीपासून अकरावीपर्यंत आम्ही याच शाळेत एका बाकावर बसलो. त्याचे नाव मी येथे घेणार नाही, कारण पुढे आम्हा दोघांच्या एका चुकीची गोष्ट यायची आहे आणि आपली बाजू मांडायला तो आता नाही. २०२१ साली तो गेला. पण आपल्या पिढीतील पुष्कळांना ती लाल, बुटकी, छप्पर नसलेली गाडी आठवत असेल. पालकसभेला त्याचे वडील तीतून येत, तेव्हा शाळेच्या फाटकाशी मधल्या सुट्टीसारखी गर्दी होई. दाराला बाहेरून मूठ नव्हती. आत हात घालून ओढावे लागे. एवढ्या एका गोष्टीवर आम्ही सबंध वर्ष बोलत होतो.

ती गाडी म्हणजे एमजीए. इंग्लंडात ॲबिंग्डन या गावी १९५५ ते १९६२ या काळात तिची निर्मिती झाली. रचनाकार सिड एनेव्हर. बाजारात येण्यापूर्वी, जून १९५५ मध्ये, तिचे तीन नमुने ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत उतरवले होते. एकूण १,०१,०८१ गाड्या तयार झाल्या आणि त्यांतील सहा हजारांहूनही कमी खुद्द इंग्लंडात विकल्या गेल्या. बाकीच्या सगळ्या परदेशी गेल्या. त्यांतलीच ही एक, १५०० या प्रकारातली. मुंबईतील एक इंग्रज अधिकारी मायदेशी परतताना ती विकून गेला आणि १९६४ साली मित्राच्या वडिलांनी ती चालवत बडोद्याला आणली.

१९९३ नंतर ती चालली नाही. कारेलीबागेतील घराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये चाके काढून विटांवर ठेवली गेली. ‘पुढच्या हिवाळ्यात काढू’ असे आम्ही दोघे दर हिवाळ्यात म्हणत आलो. २०१९ च्या जुलैअखेर शहरात पाणी शिरले ते शेडमध्ये वीतभर आले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा पाणी गाडीच्या बैठकीपर्यंत चढले आणि दोन दिवस राहिले.

मित्राच्या मुलीने जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास राजवाड्याच्या हिरवळीवर भरलेले जुन्या मोटारींचे प्रदर्शन पाहिले होते. तेव्हापासून आजोबांची गाडी तिच्या मनात होती. पूर ओसरल्यावर तिचा फोन आला. “काका, एक गिऱ्हाईक मागे लागलंय. गाडी आहे तशी नेतो म्हणतोय, आणि पैसे बरे देतोय. विकू की दुरुस्त करू? तुम्ही एकदा बघून खरं काय ते सांगा.” मी कलाभवनात शिकलो, मकरपुऱ्याच्या कारखान्यांत छत्तीस वर्षे यंत्रे दुरुस्त केली, तेव्हा ‘बघून सांगा’ हे काम मला अवघड वाटायला नको होते. मी दुसऱ्याच दिवशी गेलो.

शेडचे दार उघडल्यावर काय वाटले ते मी सांगत बसत नाही. गाळाचा वास आठवतो. पाने घेऊन लगेच खोलायला लागावे, अशी प्रबळ इच्छा झाली हे मात्र कबूल करतो. जुन्या मोटारींचा घात बहुधा याच क्षणी होतो. माणूस भरात येऊन आठ दिवसांत सगळी गाडी मोकळी करतो, नट-बोल्ट एका पत्र्याच्या डब्यात टाकतो, आणि जोडायची वेळ येते तेव्हा ना उत्साह उरलेला असतो ना आठवण. असे अर्धवट सांगाडे मी किती तरी पाहिले आहेत. म्हणून मी मुलीला म्हटले, पहिला महिना एकही बोल्ट काढायचा नाही. एक शंभर पानी वही आण. तिने आणली, आपल्या शाळेच्या भांडारातली, मागे पाढे छापलेली.

त्या वहीला आम्ही ‘गंजाची वही’ म्हणतो.

गंजाविषयी एक गोष्ट पालकांना सांगतो, घरच्या ग्रिललाही ती लागू आहे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो. म्हणून रंगाला फुगवटा येतो. पण मोटारीत तो फुगवटा ही गंजाची सुरुवात नसते, बहुतेक वेळा तो शेवट असतो. पत्र्याच्या पोकळ पेटीत आतल्या बाजूला माती अडकते, पाणी निघून जाण्याची भोके बुजतात, आणि पत्रा वर्षानुवर्षे आतून खाल्ला जातो. बाहेर दिसतो तो सुपारीएवढा फोड. त्याच्या मागे तळहाताएवढे काहीच नसते.

आमची साधने तीन: विजेरी, चांभाराकडे असतो तसा टोचा, आणि फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक. जिथे शंका तिथे टोचा दाबायचा. आत गेला तर तो पत्रा मेला. चुंबक चिकटले नाही तर त्या जागी पत्र्याऐवजी रंगाऱ्याने भरलेली लांबी आहे असे समजायचे. मुलीने पहिल्याच दिवशी बोनेटवर चुंबक लावले आणि ती घाबरून ओरडली, “काका, इथे सगळी लांबीच आहे!” ती लांबी नव्हती. एमजीएचे बोनेट, डिकीचे झाकण आणि दारांचे बाहेरचे पत्रे मुळातच ॲल्युमिनियमचे आहेत; त्यांना चुंबक कसे चिकटणार? मात्र दारांचा आतला सांगाडा लोखंडाचा आहे, आणि जिथे दोन धातू ओल्या जागी एकमेकांना भिडतात तिथे ॲल्युमिनियम पांढऱ्या पिठासारखे झडू लागते. दोन्ही दारांच्या खालच्या कडा तशा झडल्या होत्या. वहीत नोंद झाली: बोनेट उत्तम, डिकी उत्तम, दारे खालून आजारी.

पायाखालची जमीन या गाडीत लाकडी असते, प्लायवुडच्या फळ्यांची. ती पुरात कुजून गेली होती, पण त्याचे मला दुःख नाही. फळ्या कोणताही सुतार कापून देईल. बैठकीमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ठेवण्याचे लोखंडी पाळणे असतात. आम्लाचे थेंब आणि रस्त्यावरचे पाणी दोन्ही त्यांच्यावर पडते. ते पाळणे हाताने उचलले तर हातात पापुद्रे आले. खरी भीती दारांखालच्या पोकळ पट्ट्यांची. मिस्त्री त्यांना ‘सिल’ म्हणतात, मी उंबरठा म्हणतो. एमजीएची चासी वेगळी आणि वरची काया वेगळी आहे. कायेचा पुढचा भाग आणि मागचा भाग यांना धरून ठेवणारे मुख्यतः हे दोन उंबरठेच. डाव्या बाजूला टोचा एकदाही अडला नाही. उजवीकडे तो दोनदा अडला. आम्हाला आनंद झाला आणि मग कळले की ते जुने ठिगळ होते.

आता चासी. ती सडली किंवा वाकली असेल तर मी मुलीला विकण्याचाच सल्ला देणार होतो. गाडी घोड्यांवर समपातळीत घेतली. चासीच्या ठरावीक बिंदूंवरून गवंड्याचा ओळंबा सोडला, जमिनीवर खडूच्या खुणा केल्या, गाडी बाजूला सरकवली आणि खुणांमध्ये दोरी ताणून कर्ण मोजले. आयताचे दोन्ही कर्ण सारखे असतात हे आम्हाला याच इमारतीत, तळमजल्यावरच्या कोपऱ्यातील वर्गात शिकवले गेले. “हे सिद्ध करून काय उपयोग?” असे विचारल्यावर सरांनी मला बाकावर उभे केले होते. कर्णांमध्ये चार मिलिमीटरचा फरक निघाला. एवढ्या वयाच्या चासीला मी तो माफ केला. मुख्य पट्ट्यांवर हातोडीने ठोकून पाहिले. एक-दोन जागा सोडल्या तर आवाज खणखणीत होता. बॅटरीच्या पाळण्यांशेजारी आणि फळ्या टेकतात त्या कडेला नवे लोखंड जोडावे लागेल, इतकेच.

या वेळेपर्यंत वहीची एकोणीस पाने भरली होती. मुलगी रोज संध्याकाळी यायची, प्रत्येक नोंदीपुढे छायाचित्राचा क्रमांक लिहायची आणि शेवटच्या पानावर खर्चाचा अंदाज वाढवत जायची. मी तिला म्हटले, जो आकडा येईल त्याची दुप्पट कर. तिने मुकाट्याने केली.

राहिले इंजिन. ते मी शेवटी ठेवले होते. मुलीला वाटत होते की सोपे म्हणून शेवटी ठेवले. तसे नव्हते.

तीस वर्षे थांबलेले इंजिन स्टार्टरने फिरवायचे नसते. आधी तळाचे तेल सोडले. प्रथम पाणी आले, मग चहासारखे काही तरी, मग तेल. चारही प्लग काढून आत थोडे थोडे तेल ओतले आणि आठ दिवस वाट पाहिली. नवव्या दिवशी हँडल लावले. ते बोटभर हलले, पुन्हा अडले, मग सावकाश पूर्ण फिरले. मुलगी टाळ्या वाजवत होती. इंजिनाच्या ठोकळ्यावर रिबिटांनी बसवलेली एक छोटी पट्टी असते, तीवर क्रमांक असतो. तिने फडक्याने ती पुसली आणि नोंदणीपुस्तकातील क्रमांकाशी ताडून पाहिली. “जुळला! गिऱ्हाईकसुद्धा हेच बघून खूश झालं होतं, काका. चासी आणि इंजिन दोन्ही मूळचं. वहीत लिहू?”

मी म्हटले, थांब.

मंडळी, १९७९ सालची गोष्ट. मित्र आणि मी तेविशीत होतो. त्याचे आईवडील यात्रेला गेले होते, आणि वडिलांना न विचारता आम्ही गाडी घेऊन भरूचला गेलो. परतताना करजणच्या अलीकडे तेलाचा काटा खाली आलेला मी पाहिला होता. मी ‘जाऊ दे, घर जवळ आहे’ म्हटले. दहा मिनिटांत आतून घणाचे घाव बसल्यासारखा आवाज झाला, कनेक्टिंग रॉड तुटला आणि ठोकळ्याला भोक पाडून बाहेर आला. वडील परतायला बारा दिवस होते.

आता थोडे कुळ सांगतो, म्हणजे पुढचे कळेल. एमजीए १५०० चे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-मालिकेतले, १४८९ घन सेंटिमीटरचे. त्याच मालिकेतले, त्याच मापाचे इंजिन पुढे उत्तरपाड्याच्या कारखान्यात आपल्या ॲम्बॅसेडरमध्ये बसू लागले. सिलिंडरचा व्यास ७३.०२५ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ८८.९ मिलिमीटर, दोन्हींची सारखीच. एक शर्यतीच्या घराण्यातली आणि एक टॅक्सीच्या रांगेतली, पण चुलत बहिणी. मोडीच्या बाजारात आम्हाला एका ॲम्बॅसेडर टॅक्सीचा धड ठोकळा मिळाला. एका मिस्त्रीच्या मदतीने एमजीचे डोके, दोन कार्ब्युरेटर, पुढची-मागची पट्टी, तेलाचे पात्र असे सगळे त्याच्यावर चढवले. शेवटी जुन्या ठोकळ्यावरची क्रमांकाची पट्टी छिन्नीने काढून नव्यावर रिबिटांनी ठोकली. जुना ठोकळा भंगारात गेला. वडील परतले, गाडी चालवून पाहिली आणि म्हणाले, “उभी राहून राहून उलट सुधारली की!” त्यानंतर ते कित्येक वर्षे पाहुण्यांना बोनेट उघडून सांगत, सगळे मूळचे आहे, ॲबिंग्डनचे. आम्ही दोघे शेजारी उभे असू.

ही गोष्ट जाणणारा मिस्त्री गेला, मित्र गेला. आता मी एकटाच उरलो होतो. ती पट्टी पुढे कोणी उकरून पाहिली असती असे नाही. मुलीला दुप्पट किंमत मिळाली असती. मी गप्प राहिलो असतो तर माझ्या मित्राच्या नावाला काही लागले नसते आणि माझ्याही. हे सगळे विचार मी केले. तेथे हँडल हातात धरून उभा असताना केले, आणि ते करायला मला फार वेळ लागला नाही याची मला आजही लाज वाटते.

मी तिला सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने विचारले, “आजोबांना कधीच कळलं नाही?”

“नाही.”

“आणि बाबांनी... त्यांना सगळं माहीत होतं?”

“पाना त्याच्याच हातात होता. तेल कमी आहे हे मात्र मी पाहिलं होतं.”

मग ती हसायला लागली. “म्हणजे आजोबा इतकी वर्षं टॅक्सीचं इंजिन पाहुण्यांना दाखवत होते!” हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि मी गाडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन काहीतरी शोधू लागलो.

वहीच्या विसाव्या पानावर तिच्या अक्षरात लिहिले आहे: ‘इंजिनाचा ठोकळा मूळचा नाही. १९७९ मध्ये बदलला. क्रमांकाची पट्टी जुनी.’ खाली मी सही केली आहे. त्याच रात्री तिने गिऱ्हाइकाला फोन करून हे सांगितले. त्याचे उत्तर तिने मला जसेच्या तसे ऐकवले: पट्टी जुळते ना, मग झाले, उगाच कशाला बोलता? तिने सांगितले की आता ते वहीत लिहिले गेले आहे आणि गाडी गेली तर वहीसकट जाईल. त्याने रक्कम निम्मी केली. तिने गाडी ठेवून घेतली.

काही जण विचारतील, मग आता तिला ‘विंटेज’ म्हणून मान्यता मिळेल का? २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. त्या वाहनांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नवी नोंदणी दहा वर्षांची असते आणि तिचे शुल्क वीस हजार रुपये आहे. पण वाहन मूळ स्वरूपात असावे, चासी, काया, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यात अट आहे. आमचा ठोकळा एकाच कुळातला, एकाच मापाचा, सत्तेचाळीस वर्षांपूर्वी नव्हे तर त्याच्या थोडे अलीकडे बदललेला. कार्यालय याकडे कसे पाहील ते अर्ज केल्यावर कळेल. अर्जात खरे लिहिणार आहोत. पट्टी सध्या जागेवरच आहे. अधिकाऱ्यांनी पाहिल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, असे ठरवले आहे.

काम कोठवर आले आहे? बोल्ट काढायला आता परवानगी आहे. प्रत्येक सुटा भाग पिशवीत जातो, पिशवीला चिठ्ठी, चिठ्ठीचा क्रमांक वहीत. लहान गंजलेले भाग स्वच्छ करायला नववीतील चार मुले-मुली रविवारी येतात. प्लॅस्टिकच्या टबात धुण्याच्या सोड्याचे पाणी, बॅटरी चार्जरचे ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक टाकाऊ लोखंडी पत्र्याला. बुडबुडे येतात आणि काही तासांत गंज काळा होऊन सुटतो. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून हे काम उघड्या अंगणात चालते. टाकाऊ पत्र्याच्या जागी स्टेनलेस स्टील वापरायचे नाही, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. एकीने पहिल्याच दिवशी विचारले, “आजोबा, गंज तिकडच्या पत्र्यावर जातो का?” जात नाही, पण प्रश्न उत्तम आहे, आणि त्यावर पुढचा रविवार खर्ची पडला.

उंबरठे कापण्यापूर्वी कायेच्या पुढच्या आणि मागच्या भागांमध्ये, दारांच्या जागी, लोखंडी चौकोनी नळ्यांचे आडवे-तिरपे आधार वेल्डिंगने जोडून घेतले आहेत. ते न जोडता कापले तर काया मध्येच खचते आणि मग नवे दार कधीच नीट बसत नाही. दारांच्या फटी आधीच मोजून वहीत लिहिल्या आहेत, कारण नंतर त्या आठवत नाहीत. आता काया चासीवरून उचलायची आहे. ती फार जड नाही, पण लांब आहे आणि सगळ्या बाजूंनी एकदम उचलावी लागते.

त्यासाठी मला आठ माणसे हवीत. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता, कारेलीबाग. आमच्या तुकडीतील ज्यांनी फाटकाशी उभे राहून ही गाडी पाहिली आहे त्यांना प्राधान्य. कंबरेचा त्रास असणाऱ्यांनी छायाचित्रे काढावीत. जुने कपडे घालून यावे. चहा आणि लीलो चेवडो मुलीच्या घरून आहे.